फोन बिघडला, आता भरून कोण देणार? मुंबईकर ग्राहकासाठी पायरीपायरीने

दुकानदार म्हणतो, "आम्ही फक्त विकतो, सर्व्हिस सेंटरला जा." सर्व्हिस सेंटरवाला फोन उघडतो आणि म्हणतो, "आत पाणी गेलंय, वॉरंटीत बसत नाही." कंपनीच्या हेल्पलाइनवर उत्तर मिळतं, "सर्व्हिस सेंटरचा रिपोर्ट अंतिम असतो." या तीन वाक्यांच्या टोलवाटोलवीत माणसाचा आठवडा जातो, दोन रजा जातात आणि शेवटी तो कंटाळून नवा फोन हप्त्यावर घेतो.

लालबागमधल्या एका मोबाइल दुकानाच्या काउंटरमागे मी अकरा वर्षं उभा होतो. वरचं पहिलं वाक्य मी स्वतः कितीतरी लोकांना ऐकवलं आहे. मालकाने शिकवलं होतं म्हणून बोलायचो. ते चुकीचं होतं, हे पुढे कायदा वाचल्यावर कळलं. आता आमच्या इमारतीतल्या आणि आसपासच्या लोकांना तक्रारअर्ज लिहून द्यायला मी मदत करतो. तेव्हा जे सांगतो तेच इथे सविस्तर लिहितो आहे.

आधी पहिला तास

जबाबदारी कोणाची हा प्रश्न नंतरचा. फोन बंद पडल्यावर पहिल्या तासाभरात आपण जे करतो त्यावर पुढची अर्धी बाजू ठरते.

फोन भिजला असेल तर बंद करा आणि चार्जिंगला लावू नका. तांदळाच्या डब्यात खुपसू नका. पाणी त्याने निघत नाही, उलट पीठ आणि बारीक कण चार्जिंगच्या खाचेत जातात. बॅटरी फुगून मागचं झाकण उचललं गेलं असेल तर दाबून बसवायच्या फंदात पडू नका. फोन बंद करून जळणाऱ्या वस्तूंपासून लांब ठेवा. मग दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवरून आपल्या फोनचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा: स्क्रीन, चारही कोपरे, मागची बाजू, चार्जिंगची खाच. हे फोटो सर्व्हिस सेंटरला जाण्याआधीचे हवेत. "फोन आला तेव्हाच कोपरा चेपलेला होता" असं कोणी म्हणालं तर उत्तर देण्यासाठी तुमच्याजवळ दुसरं काही नसतं.

आणि एक गोष्ट कटाक्षाने टाळा. वॉरंटीतला फोन "बघू तरी काय झालंय" म्हणून गल्लीतल्या कारागिराकडून उघडून घेऊ नका. तो कितीही चांगला असला तरी. आतला स्क्रू हललेला दिसला की कंपनीला हात झटकायला आयतं कारण मिळतं.

बिघाड कोणाच्या हातात असताना झाला?

कागदं गोळा करण्याआधी हा प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. काउंटरवर मी बघितलेल्या भांडणांपैकी निम्मी तरी चुकीच्या माणसाशी चाललेली असायची.

फोन तुमच्या हातून पडला, लोकलच्या गर्दीत चेपला, मुलाने बादलीत टाकला, तर भरपाई तुमची तुम्ही करायची. विमा असेल तर विमा कंपनी, नाहीतर आपला खिसा. हे स्पष्ट लिहितो, कारण पडलेला फोन "आपोआप बंद पडला" म्हणून आणणारी माणसं मी पाहिली आहेत आणि त्यांच्यामुळे खऱ्या तक्रारदाराकडेही संशयाने पाहिलं जातं.

फोन नीट वापरत असताना आपोआप बिघडला, म्हणजे टच गेला, चार्ज होईना, रीस्टार्ट होत राहिला, स्क्रीनवर उभी हिरवी रेघ आली, तर तो मालातला दोष. त्याला विकणारा आणि बनवणारा दोघेही उत्तरदायी. फोन दुरुस्तीला दिलेला असताना किंवा काच बसवताना फुटला, तर ज्याच्या ताब्यात होता तो जबाबदार. ऑनलाइन मागवलेला फोन खोक्यातच फुटलेला निघाला, तर विकणारा. कुरिअरवाल्याशी तुमचा व्यवहारच झालेला नाही. त्याला विकणाऱ्याने नेमलं, त्याच्याशी विकणाऱ्याने भांडावं.

गुंता मालातल्या दोषात आणि दुरुस्तीत होतो, म्हणून त्या दोन्हींवर जरा थांबतो.

"आम्ही फक्त विकतो"

तुमच्या हातातल्या बिलावर दुकानाचं नाव आहे. पैसे दुकानाने घेतले. करार तुमच्यात आणि दुकानात झाला. मालविक्रीचा १९३० चा कायदा सांगतो की, जो विक्रेता त्या प्रकारच्या मालाचा धंदा करतो त्याने विकलेला माल विकण्यायोग्य दर्जाचा असलाच पाहिजे. ही अट बिलावर लिहिलेली नसली तरी गृहीत असते.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ त्याच्या पुढे जातो. हा कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे; १९८६ चा जुना कायदा त्याने बदलला. त्यात अनुचित व्यापारी प्रथांची यादी आहे. सदोष माल परत घ्यायला किंवा त्याचे पैसे परत द्यायला नकार देणं ही त्यातली एक. मुदत बिलावर लिहिली असेल तर ती, लिहिली नसेल तर ३० दिवस. बिल न देणं हीसुद्धा त्याच यादीतली प्रथा आहे. म्हणजे बिलाच्या तळाशी छापलेलं "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" हे वाक्य सदोष मालाला लागू पडत नाही. रंग आवडला नाही म्हणून फोन परत करायला गेलात तर दुकानदार नाही म्हणू शकतो. फोनच बिघडलेला निघाला तर ते वाक्य दाखवून तो सुटत नाही.

मग कंपनीची जबाबदारी कुठे? वॉरंटी देते ती कंपनी. फोनला साधारण १२ महिने आणि चार्जर, केबल यांना बहुधा ६ महिने. वॉरंटीच्या काळात दुरुस्ती करून देणं, दुरुस्त होत नसेल तर बदलून देणं हा कंपनीने लेखी दिलेला शब्द आहे. अधिकृत सर्व्हिस सेंटर कंपनीच्या वतीने काम करतं, म्हणून त्याने केलेला हलगर्जीपणा कंपनीच्या माथी येतो. व्यवहारात दुरुस्ती सर्व्हिस सेंटरलाच होणार, त्यामुळे तिथे जाणं शहाणपणाचं आहे. पण दुकानदाराला सोडून देऊ नका. त्यालाही लेखी कळवा. अर्ज जिल्हा ग्राहक आयोगापर्यंत गेला तर तिघेही विरुद्ध पक्ष म्हणून घालायचे: दुकान, सर्व्हिस सेंटर, कंपनी. कोणाचा वाटा किती ते आयोग ठरवेल.

माझं मत विचाराल तर पैसे घेणाऱ्यानेच पहिलं दार उघडलं पाहिजे. छोट्या दुकानदाराचा नफा एका फोनमागे फार थोडा असतो, हे मला ठाऊक आहे. बदलून दिलेला फोन कंपनीकडून वसूल करताना त्याच्या नाकी नऊ येतात, तेही पाहिलं आहे. पण कंपनीचा डिस्ट्रिब्युटर दर आठवड्याला त्याच्या दुकानात येतो. ग्राहकाकडे कोण येतं?

परदेशातून आणलेल्या, बिलाशिवाय विकल्या जाणाऱ्या फोनचं गणित वेगळं. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मनीष मार्केटपासून हाजी अलीच्या हिरा पन्नापर्यंत असे फोन मिळायचे आणि अजूनही मिळतात. भारतातली कंपनी त्या फोनची वॉरंटी बहुधा मानत नाही. असा फोन बिघडला तर हातात फक्त दुकानदार उरतो, आणि बिल नसेल तर तोही उरत नाही. दोन-चार हजार वाचतात म्हणून बिल सोडणाऱ्याने हे आधीच धरून चालावं.

बॅटरीचा स्फोट होऊन हात भाजला किंवा गादी जळली, तर तो निराळाच विषय. २०१९ च्या कायद्यात उत्पादन दायित्वाचं स्वतंत्र प्रकरण आहे. दोषपूर्ण वस्तूमुळे माणसाला किंवा दुसऱ्या मालमत्तेला झालेल्या इजेची भरपाई त्याखाली मागता येते. बनवणाऱ्याचा पत्ताच लागत नसेल, तर तिथे विक्रेताही जबाबदार धरला जातो. खुद्द फोनची किंमत मात्र या प्रकरणाखाली येत नाही, ती सदोष माल म्हणून मागायची. दोन्ही एकाच अर्जात लिहिता येतं. बॅटरीचा दोष खरा असतो तेव्हा मोठी कंपनीही मागे घेते, हे २०१६ मध्ये जगाने पाहिलं. सॅमसंगने गॅलेक्सी नोट ७ चे सुमारे २५ लाख फोन परत मागवले आणि पुढच्याच महिन्यात ते मॉडेलच बंद केलं. बॅटरीत चूक होती, ग्राहकांच्या वापरात नव्हती.

पाण्याचा वाद

माझ्या पाहण्यात, जून ते सप्टेंबर या काळात मुंबईत वॉरंटी सगळ्यात जास्त पाण्याच्या कारणावर नाकारली जाते. म्हणून हे नीट समजून घ्या.

बऱ्याच फोनमध्ये सिमच्या खाचेजवळ किंवा आत एक छोटी पांढरी पट्टी असते. पाणी लागलं की ती लाल किंवा गुलाबी होते. सर्व्हिस सेंटरवाला ती पाहून निकाल देतो. पट्टी लाल असेल तर फोनला कुठेतरी ओल लागली, एवढंच त्यावरून कळतं. तुमचा बिघाड त्याच पाण्याने झाला का, हे कळत नाही. सिमजवळची पट्टी लाल आहे आणि तक्रार कॅमेऱ्याची आहे, तर विचारा, "बोर्डवर गंज कुठे आहे ते दाखवा." पाण्याने बोर्ड गेला असेल तर पांढरट किंवा हिरवट डाग दिसतात, आणि त्याचा फोटो निघतो. तो फोटो मागणं हा आगाऊपणा नाही.

आमच्या शेजारच्या इमारतीत एक ताई आहेत, घरोघरी जाऊन आजाऱ्यांची शुश्रूषा करतात. त्यांचा चौदा हजारांचा फोन सात महिन्यांत डेड झाला. सर्व्हिस सेंटरने तोंडी सांगितलं, पाणी गेलंय, बोर्डचे आठ हजार होतील. मी त्यांना एवढंच सांगितलं की, हे लिहून मागा आणि सोबत फोटो मागा. त्या दुसऱ्या दिवशी गेल्या आणि काउंटरवरून हलल्या नाहीत. तासाभराने फोन पुन्हा उघडला गेला. पट्टी पांढरीच होती. बोर्ड वॉरंटीत बदलून मिळाला. त्या कोणाशीही वाकडं बोलल्या नव्हत्या.

फोन धूळ-पाण्यात किती टिकतो हे सांगणाऱ्या, जाहिरातीतल्या आयपी ६७, आयपी ६८ या आकड्यांवर फार विसंबू नका. आयपी ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात ३० मिनिटं, तेही प्रयोगशाळेतल्या गोड्या, स्थिर पाण्यात. गिरगाव चौपाटीची लाट किंवा साबणाचं पाणी त्यात धरलेलं नाही. शिवाय फोन एकदा पडला किंवा उघडला की सील पहिल्यासारखं राहत नाही. हे आकडे छापणाऱ्या कंपन्याच वॉरंटीच्या कागदात पाण्याचं नुकसान वगळतात. फोन पाण्यात बुडवून दाखवणारी जाहिरात करायची आणि वॉरंटीतून पाणी वगळायचं, हे मला अन्यायाचं वाटतं. अशा जाहिरातीचा स्क्रीनशॉट ठेवा. दिशाभूल करणारी जाहिरात हा तक्रारीचा स्वतंत्र मुद्दा होऊ शकतो.

दुरुस्तीला दिलेला फोन कारागिराकडून फुटला तर

हा प्रसंग माझ्या सगळ्यात जवळचा, कारण तो आमच्या दुकानात घडला. एकोणीस वर्षांचा मुलगा टेम्पर्ड ग्लास बसवत होता. जुनी काच उपटताना स्क्रीनला तडा गेला. मालकाने ग्राहकाला सांगितलं, स्क्रीन आधीच कमजोर होती, अर्धे पैसे तुम्ही द्या. उरलेले अर्धे त्या मुलाच्या पगारातून तीन महिने कापले. स्वतः एक रुपया दिला नाही. मी तिथेच उभा होतो आणि गप्प राहिलो.

ग्राहकाचा त्यात काहीच दोष नव्हता. दुसऱ्याची वस्तू काही कामासाठी ताब्यात घेणाऱ्याने, साधारण शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेतो तितकी काळजी घेतली पाहिजे, असं १८७२ च्या करार कायद्याचं कलम १५१ सांगतं. फोन काउंटरच्या पलीकडे गेला की ती जबाबदारी दुकानाची. ती काळजी घेतली नाही म्हणून वस्तू फुटली, तर भरपाईही दुकानाचीच. पावतीवर "नुकसानीस आम्ही जबाबदार नाही" असा शिक्का मारला म्हणून निष्काळजीपणा धुऊन निघत नाही.

मुलाच्या पगाराचं काय? ग्राहकाचा व्यवहार दुकानाशी होता, नोकराशी नाही. भरपाई मालकाने द्यायची. नंतर नोकराकडून वसूल करायची असेल तर नुकसान थेट त्याच्याच हयगयीने झालं पाहिजे, आणि कपातीआधी त्याला आपली बाजू मांडायची संधी मिळालीच पाहिजे. वेतनाच्या कायद्यात हे जुन्या काळापासून आहे. पंधरा-सोळा तास उभं राहणाऱ्या पोराच्या पगारातून विचारल्याशिवाय स्क्रीनचे पैसे कापणं कायद्यात बसत नाही. ग्राहक म्हणून तुम्ही भरपाई मागताना "मालक देणार का, मुलाकडून घेणार?" एवढं जरूर विचारा. चारचौघांत विचारलं की बरेचदा मालकाच्या खिशातून पैसे निघतात.

लॅमिंग्टन रोड असो की दादर स्टेशनसमोरचा ठेला, दुरुस्तीला देताना पावती घ्या. पावतीवर चार गोष्टी हव्यात: फोनचा १५ आकडी आयएमईआय क्रमांक (प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक; *#०६# दाबलं की दिसतो, फोन बंद असेल तर खोक्यावर असतो), फोन देतानाची बाहेरची अवस्था, नेमकी तक्रार आणि अंदाजे खर्च. सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या. फोन चालू असेल तर आधी बॅकअप. पिन लिहून देऊ नका. तपासायला लागलाच तर समोर उभं राहून स्वतः टाका. आणि हेही लक्षात असू द्या की, झालेल्या कामाचे ठरलेले पैसे दिले नाहीत तर कारागिराला फोन अडवून ठेवायचा हक्क आहे.

जॉब शीट: सगळ्या केसचा कणा

सर्व्हिस सेंटरला प्रत्येक फेरीत जॉब शीट, म्हणजे फोन दुरुस्तीला घेतल्याची नोंद असलेली पावती, घ्या, "पाच मिनिटांत होईल, कागद कशाला" असं म्हणाले तरी. त्यावर तुमची तक्रार तुमच्या शब्दांत लिहिली आहे का ते वाचा. "फोन बोलता बोलता बंद पडतो" याच्या जागी "सॉफ्टवेअर अपडेट" असं लिहिलेलं असतं आणि आपण न वाचता सही करतो. परत घेताना काय बदललं ते लिहून घ्या.

तीनदा दुरुस्त झाला की फोन बदलून द्यावाच लागतो, असा एक समज पसरलेला आहे. कायद्यात असा कुठलाही आकडा नाही. पण तोच बिघाड सांगणाऱ्या तीन जॉब शीट समोर असल्या की मूळ दोष आहे हे पटवणं सोपं जातं. एकही नसेल तर अवघड जातं, कारण दोष आहे हे दाखवायची जबाबदारी सुरुवातीला तक्रारदारावर असते. दोष नुसत्या डोळ्यांनी ठरत नसेल तर आयोग फोन प्रयोगशाळेत पाठवू शकतो, त्याची फी तक्रारदाराला भरावी लागते.

वॉरंटी संपल्यावर लगेच आलेल्या बिघाडासाठीही विचारून पाहा. स्क्रीनवरच्या हिरव्या रेघेच्या बाबतीत काही कंपन्यांनी वॉरंटीबाहेरच्या फोनचीही स्क्रीन फुकट बदलून दिली आहे. काउंटरवरचा माणूस हे आपणहून सांगतोच असं नाही.

ऑनलाइन, विमा, चोरी: थोडक्यात

ऑनलाइन घेतलेला फोन उघडताना एकसलग व्हिडिओ काढा, खोक्यावरच्या लेबलपासून फोन चालू होईपर्यंत. ई-कॉमर्सचे २०२० चे नियम सांगतात की, सदोष माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. त्या साइटच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात तोडगा द्यायचा असतो. विक्रेत्याचं नाव-पत्ता साइटवर असणं बंधनकारक आहे; तो आधीच उतरवून ठेवा.

फोनसोबत विकली जाणारी "प्रोटेक्शन" योजना विम्याची आहे की दुकानाची, हे घेतानाच पाहा. विम्याची असेल तर कागदावर विमा कंपनीचं नाव असतं. कळवण्याची मुदत फार थोडी असते, कधी एक-दोन दिवसच, आणि दर दाव्याला ठरावीक रक्कम स्वतः भरावी लागते. दावा फेटाळला तर कारण लेखी मागा, कंपनीकडे तक्रार करा. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे (विम्याच्या तक्रारी निकाली काढणारा अधिकारी) जाता येतं, मुंबईत त्यांचं कार्यालय आहे.

लोकलच्या दारात फटका मारून फोन पळवला, तर विकणारा-बनवणारा कोणीच भरून देणार नाही. रेल्वे पोलिसांकडे तक्रार नोंदवा आणि तिची प्रत घेऊन संचार साथी या सरकारी पोर्टलवरच्या सीईआयआर (चोरीचे, हरवलेले फोन बंद करण्याच्या) सुविधेतून आयएमईआय बंद करून घ्या.

पत्र

तोंडी भांडणाला किंमत नाही. एक पानी पत्र लिहा, ईमेल करा आणि शिवाय स्पीड पोस्टने पाठवा. मी असं लिहून देतो:

"विषय: सदोष मोबाइल फोनबाबत, आयएमईआय क्र. ……
महोदय, मी दि. …… रोजी बिल क्र. …… नुसार …… मॉडेलचा फोन रु. …… ला विकत घेतला. दि. …… पासून तो चार्ज होत नाही. दि. …… व दि. …… रोजी तो अधिकृत सर्व्हिस सेंटरला दिला (जॉब शीट क्र. ……, ……). दोन्ही वेळा काही दिवसांत तोच बिघाड पुन्हा आला. फोन पडलेला नाही, त्यात पाणी गेलेले नाही, तो बाहेर कोठेही उघडलेला नाही. पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत त्याच मॉडेलचा दोषरहित नवा फोन द्यावा अथवा पूर्ण किंमत परत करावी. अन्यथा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे दाद मागीन."

जे खरं नाही ते वाक्य काढून टाका. फोन एकदा पडला असेल तर तसं लिहा. पडण्याचा आणि बिघाडाचा संबंध नसेल तर तेही लिहा. एक खोटं वाक्य सापडलं की बाकीची नऊ खरी वाक्यंही पडतात.

१९१५ आणि त्यापुढे

पंधरा दिवस थांबायच्या आधीच राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली तरी चालते. हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, पण तक्रार कंपनीच्या योग्य टेबलावर पोचवते. मी मदत केलेल्यांपैकी बऱ्याच जणांचं काम इथेच झालं, कारण मोठ्या कंपनीला ते प्रकरण पुढे न्यायचं नसतं. अडलात तर माणसांशी बोला: १९७५ पासून काम करणारी विलेपार्ल्याची मुंबई ग्राहक पंचायत आणि १९६६ मध्ये सुरू झालेली कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया या दोन्ही संस्था मुंबईतच आहेत.

तरीही दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. लोक इथे कचरतात, आणि ते पाहून मला वाईट वाटतं, कारण हे दार खास सामान्य माणसासाठी बांधलेलं आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. वकील लागत नाही. तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथल्या आयोगाकडे अर्ज करता येतो; कंपनीचं मुख्यालय गुरुग्रामला असलं तरी तुम्हाला तिकडे जावं लागत नाही. मुंबई शहर आणि उपनगर यांचे आयोग वेगवेगळे आहेत, पत्त्याप्रमाणे निवडा. अर्ज ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही दाखल होतो. बिघाडाची बाब उद्भवल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे.

रिक्षा किंवा डिलिव्हरीच्या ॲपसाठी फोन वापरणाऱ्यांना "तुम्ही धंद्यासाठी घेतला, तुम्ही ग्राहक नाही" असं सांगितलं जातं. ते खरं नाही. स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेली वस्तू कायद्याने व्यापारी कारणासाठी घेतलेली मानली जात नाही. त्यांना तर फोन बंद असलेल्या दिवसांची बुडालेली कमाईही मागता येते. ॲपवरचा आधीच्या आठवड्यांच्या कमाईचा तपशील जोडा.

अर्जासोबत बिल, वॉरंटी कार्ड, सगळ्या जॉब शीट, फोटो, पत्राची प्रत, पोस्टाची पावती आणि प्रतिज्ञापत्र लावायचं. समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस, फार तर आणखी १५ मिळतात. कायद्यात निकालाची अपेक्षित मुदत तीन महिने, प्रयोगशाळेची तपासणी लागली तर पाच महिने आहे. प्रत्यक्षात तारखा लांबतात, तेवढी मनाची तयारी ठेवा. मागणी मात्र नेमकी लिहा: फोन बदलून किंवा किंमत व्याजासह, त्रासाची भरपाई, अर्जाचा खर्च. आयोगाला दोष काढून द्यायला, नवा दोषरहित माल द्यायला किंवा किंमत परत करायला सांगायचा अधिकार आहे. आदेश पाळला नाही तर एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा किमान २५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

मध्येच कंपनी तडजोडीला येते. तेव्हा देऊ केलेला फोन नवा आहे की दुरुस्त करून पॅक केलेला, हे लेखी विचारा. आयोगाच्या आदेशातला बदली माल नवा असतो, कंपनीच्या वॉरंटीतला तसा असेलच असं नाही. त्याची वॉरंटी नव्याने सुरू होणार की जुनीच उरलेली चालणार, हेही लिहून घ्या. आणि बदली फोन हातात घेताना तिथेच *#०६# दाबून आयएमईआय पाहा. खोक्यावरचा, फोनमधला आणि बदलीच्या पावतीवरचा, तिन्ही आकडे जुळले पाहिजेत. जुळले की पावतीचा फोटो काढून घरच्या कोणालातरी पाठवा आणि मगच "तक्रार मिटली" या कागदावर सही करा.